एएफ आणि व्हीएफ: ओमेगा-३ चा सल्ला मुळात कुणासाठी होता?

"ठोके अनियमित पडतात? मग ओमेगा-३ सुरू करा, हृदयाची लय सुधारते." हा सल्ला इतक्या ठिकाणी आणि इतक्या ठामपणे दिला जातो की तो आला कुठून, हे विचारायचं कुणाच्या मनातच येत नाही. तो आला एका आजाराच्या अभ्यासातून, आणि दिला जातोय दुसऱ्याच आजाराच्या माणसांना. पहिल्या आजारात ओमेगा-३ चा, म्हणजे मुख्यतः माशांच्या तेलातल्या मेदाम्लांचा, उपयोग होतो असं निदान बरीच वर्षं वाटत होतं. दुसऱ्या आजारात त्याचा उपयोग तर दिसलेला नाहीच, उलट मोठ्या डोसच्या गोळ्यांनी तो आजार होण्याची शक्यता वाढते.

त्यातला एक आजार तुमच्या ओळखीचा असणार. एएफ, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. आता मनगटावरची घड्याळंसुद्धा तो पकडतात. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता मिनिटाला ३५० ते ६०० च्या वेगाने नुसते थरथरत राहतात. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये एव्ही नोड नावाचा नाका आहे, तो यातले थोडेच संदेश खाली सोडतो, तेही वाटेल तसे. म्हणून नाडी वेडीवाकडी लागते. धडधड होते, धाप लागते, काहींना तर काहीच जाणवत नाही. खरी भीती वरच्या कप्प्यात साकळणाऱ्या रक्ताच्या गुठळीची. पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो आणि म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी द्यावी लागते. हे सगळं बहुतेकांना माहीत असतं, तेव्हा पुढे जाऊ.

व्हीएफ, म्हणजे व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन, हे प्रकरणच निराळं. इथे थरथरतात ते खालचे कप्पे, शरीराला रक्त पुरवणारे. ते थरथरायला लागले की रक्त पुढे जाणंच थांबतं. काही सेकंदांत माणूस बेशुद्ध पडतो, आणि छातीवर दाब किंवा विजेचा शॉक मिळाला नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घसरते. बहुतेकदा यामागे हार्ट अटॅक असतो किंवा जुन्या अटॅकने स्नायूत राहिलेला व्रण. 'आकस्मिक हृदयमृत्यू' म्हणतात तो पुष्कळदा हाच. थोडक्यात, "माझे ठोके अधूनमधून चुकतात, काय खाऊ?" असं विचारणारा माणूस व्हीएफमध्ये नसतो. विचारण्याइतका वेळच तिथे मिळत नाही.

आता गंमत बघा. लय सुधारण्याबाबतची ओमेगा-३ ची सगळी कीर्ती या व्हीएफवर उभी आहे.

१९८९ मध्ये वेल्समधला 'डार्ट' हा प्रयोग प्रसिद्ध झाला. अटॅक येऊन गेलेले २,०३३ पुरुष त्यात होते. ज्यांना तेलकट मासे खायला सांगितलं होतं त्यांच्यात दोन वर्षांतले मृत्यू २९ टक्क्यांनी कमी भरले. पण नव्याने येणारे अटॅक काही कमी झाले नव्हते. अटॅक येतायत तेवढेच आणि माणसं मरतायत कमी, याचा अर्थ काय लावायचा? अटॅकच्या वेळी उसळणारी घातक लय कुठेतरी अडत असावी, असा तर्क निघाला. तर्क चांगलाच होता. पुढे अलेक्झांडर लीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या नवजात पिल्लांच्या हृदयपेशी बशीत वाढवून दाखवलं की ईपीए आणि डीएचए ही माशांतली मेदाम्लं पेशीच्या सोडियम आणि कॅल्शियमच्या वाहिन्यांना लगाम घालतात, आणि पेशी सहजी उचंबळत नाही. कुत्र्यांवरच्या प्रयोगांतही तसंच दिसलं. १९९९ मध्ये इटलीतल्या 'जिस्सी' या ११,३२४ रुग्णांच्या प्रयोगात रोज एक ग्रॅमच्या गोळीने आकस्मिक मृत्यू लक्षणीय घटले. 'ओमेगा-३ लय सांभाळतं' हे वाक्य रूढ झालं ते इथून. त्यातला 'खालच्या कप्प्यांची, अटॅकनंतर' एवढा भाग वाटेत कुठेतरी गळून पडला.

बरं, मूळ दावाही नंतर तसाच भक्कम राहिला नाही. २००३ मध्ये 'डार्ट'च्याच मंडळींनी अंजायनाच्या, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणाऱ्या, ३,११४ पुरुषांवर प्रयोग केला, तर मासे खाण्याचा सल्ला मिळालेल्या गटात, त्यातही कॅप्सूल घेणाऱ्यांत, आकस्मिक मृत्यू जास्तच भरले. छातीत डिफिब्रिलेटर (घातक लय आली की आपोआप शॉक देणारं यंत्र) बसवलेल्या रुग्णांवर २००५-०६ मध्ये तीन प्रयोग झाले. त्यांतल्या ५४६ रुग्णांच्या सगळ्यात मोठ्या प्रयोगात फरक पडला नाही. २०१० मध्ये जर्मनीत ३,८५१ रुग्णांच्या प्रयोगात आकस्मिक मृत्यूचं प्रमाण दोन्ही गटांत १.५ टक्के निघालं. मधल्या काळात अटॅकनंतरचे उपचारच इतके सुधारले होते की माशाच्या तेलाला दाखवण्यासारखं फारसं उरलं नसावं. तेव्हा व्हीएफच्या बाबतीतही आज 'कदाचित, काहींना, थोडा' याच्या पुढे मी जाणार नाही.

आणि एएफ? आधी ते रोखण्यासाठीच ओमेगा-३ देऊन पाहिलं गेलं. अधूनमधून एएफ होणाऱ्या ६६३ जणांवर २०१० मध्ये, आणि हृदयशस्त्रक्रियेच्या १,५१६ रुग्णांवर २०१२ मध्ये. दोन्हीकडे पदरात काही पडलं नाही. इथवर आपण 'फायदा नाही, पण बिघडलं कुठे?' म्हणू शकत होतो. मग मोठ्या डोसचे प्रयोग आले. त्यांतला 'रिड्यूस-इट' मला सगळ्यात बोलका वाटतो. ८,१७९ रुग्ण, रोज चार ग्रॅम शुद्ध स्वरूपातलं ईपीए. एएफ किंवा त्याच जातीच्या फ्लटरसाठी रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण औषधाच्या गटात ३.१ टक्के, दुसऱ्या गटात २.१ टक्के. आणि याच प्रयोगात आकस्मिक हृदयमृत्यू औषधाच्या गटात १.५ टक्के, तर दुसऱ्या गटात २.१ टक्के. तीच माणसं, तेच औषध, आणि वरच्या-खालच्या कप्प्यांचे आकडे विरुद्ध दिशेला. तुलनेच्या गटाला खनिज तेल दिलं होतं, त्या तेलानेच त्या गटाचे आकडे बिघडले असावेत का, यावरून फायद्याच्या आकड्यांवर पुष्कळ वाद झाला आणि तो रास्तच आहे. पण एएफची वाढ त्या वादाने पुसली जात नाही. १३,०७८ रुग्णांच्या 'स्ट्रेंग्थ' प्रयोगात तुलनेसाठी मक्याचं तेल होतं आणि तिथेही एएफ २.२ विरुद्ध १.३ टक्के आलं.

असं उलटसुलट का व्हावं? एक संशय व्हेगस नसेवर आहे, मेंदूकडून येऊन हृदयाचा वेग संथ करणाऱ्या. ओमेगा-३ ने नाडीचा वेग किंचित उतरतो, आणि त्यात व्हेगसचा जोर वाढण्याचा हात असावा असं मानतात. व्हेगसचा जोर खालच्या कप्प्यांना बहुधा पथ्यावर पडतो. वरच्या कप्प्यांत मात्र तो पेशींचा दोन ठोक्यांमधला विश्रांतीचा काळ आखूड करतो, आणि थरथर टिकून राहायला नेमकं तेच लागतं. वर्षानुवर्षं लांब पल्ल्याचं धावणाऱ्या, नाडी संथ असलेल्या खेळाडूंमध्ये एएफ जास्त आढळतं, त्याचंही एक कारण हेच सांगतात. हे अजून गृहीतकच आहे, पण 'लयीला चांगलं' असं सरसकट काही नसतं, हे पटायला तेवढं पुरे.

डोसचं गणित करून टाकू, कारण तिथे दुसऱ्या टोकाचा गोंधळ होतो. २०२१ मध्ये सात प्रयोगांतल्या ८१,२१० लोकांची आकडेवारी एकत्र केली गेली. रोज एक ग्रॅमपेक्षा जास्त घेणाऱ्यांत एएफचा धोका ४९ टक्क्यांनी जास्त होता, एक ग्रॅम किंवा कमी घेणाऱ्यांत १२ टक्क्यांनी. हे ग्रॅम ईपीए आणि डीएचएचे, तेलाचे नव्हेत. साध्या कॅप्सूलच्या डबीवर पुढे ठळक '१००० मिग्रॅ' असतं, मागच्या बारीक अक्षरांत ईपीए १८० आणि डीएचए १२०. म्हणजे कामाचे ३००. त्या हिशेबाने चार ग्रॅम गाठायला रोज तेरा-चौदा कॅप्सूल गिळाव्या लागतील. तेव्हा एक कॅप्सूल घेणाऱ्याने घाबरून जायचं कारण नाही. ती कशासाठी घेतोय, एवढं मात्र त्याने स्वतःला विचारावं.

आणि कृपा करून 'मासे हृदयाला घातक' असले मथळे पुढे ढकलू नका. एएफ वाढल्याचे वरचे सगळे आकडे गोळ्यांचे आहेत. ताटातल्या माशातून मिळणाऱ्या मेदाम्लांबद्दल तसं दिसत नाही. २०२३ मध्ये १७ अभ्यासांतल्या ५४,७९९ लोकांच्या रक्तातली वगैरे पातळी तपासली, तर नेहमीच्या आहाराने ज्यांच्यात ओमेगा-३ जास्त होतं त्यांच्यात एएफ वाढलेलं नव्हतं, डीएचएच्या बाबतीत तर ते थोडं कमीच होतं. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. मासे खाणारे इतरही बऱ्याच गोष्टी वेगळ्या करतात.

जवस-अक्रोडातलं एएलए हेही ओमेगा-३ च, पण शरीरात त्याचं ईपीए थोडंच होतं आणि डीएचए जवळपास नाहीच. माशाच्या गोळीचे फायदे-तोटे त्याला चिकटवू नयेत, बस.

रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी फार वाढली म्हणून डॉक्टरांनी मोठा डोस लिहून दिला असेल तर तो आपल्या मनाने बंद करायचा नाही. पूर्वी एएफ झालेलं असेल तर ते त्यांना आठवणीने सांगायचं. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२३ मध्ये या औषधांच्या माहितीपत्रकात एएफ हा 'सामान्यपणे आढळणारा' दुष्परिणाम म्हणून घालायला लावला आहे, त्यामुळे विचारायला संकोच नको. आणि एएफवाल्याला खाण्यापिण्यातूनच काही करायचं असेल, तर मी मेदाम्लं बाजूला ठेवून आधी दारूचं विचारेन. ऑस्ट्रेलियात नियमित पिणाऱ्या १४० एएफ रुग्णांवरचा प्रयोग २०२० मध्ये आला. ज्यांना पिणं सोडायला सांगितलं त्यांच्यापैकी ५३ टक्क्यांना एएफ पुन्हा झालं, ज्यांनी नेहमीसारखं चालू ठेवलं त्यांच्यापैकी ७३ टक्क्यांना. त्यानंतर वजन, रक्तदाब आणि झोपेतलं घोरणं.