कोकेनचे व्यसन : उंदरांवरील प्रयोग

कोकेनचे व्यसन कसे जडते आणि सुखद अनुभवाची ओढ मेंदूत कशी निर्माण होते, हे समजून घेण्यासाठी प्रयोगशाळांत प्रामुख्याने उंदरांचा उपयोग केला जातो. या संशोधनाची सुरुवात १९५४ मध्ये माँट्रिऑलच्या मॅगिल विद्यापीठात झाली असे म्हणता येईल. मेंदूच्या विशिष्ट भागाला सौम्य विद्युतप्रवाह मिळावा म्हणून उंदीर पुनःपुन्हा खटका दाबत राहतो, असे तेथे जेम्स ओल्ड्स व पीटर मिल्नर यांना आढळले.

कोकेनच्या प्रयोगांत विजेची जागा औषध घेते. उंदराच्या मानेतील शिरेत शस्त्रक्रियेने बारीक नळी बसवतात. खटका दाबला की ठरावीक मात्रा थेट रक्तात जाते आणि बहुधा त्याच वेळी दिवा लागतो. प्रत्येक मात्रेसाठी खटका अधिकाधिक वेळा दाबावा लागेल अशी योजना केली, तर उंदीर कोणत्या टप्प्यावर नाद सोडतो यावरून ओढीची तीव्रता मोजता येते. चेतापेशींनी सोडलेले डोपामीन हे संदेशवाहक रसायन परत शोषणाऱ्या प्रथिनाला कोकेन अडवते, त्यामुळे मेंदूतील सुखद अनुभवाशी निगडित न्यूक्लिअस अक्युम्बेन्स या भागात डोपामीन साचून राहते. तेथील डोपामीनवाहक तंतू नष्ट केल्यास उंदरांचे कोकेन घेणे बरेच कमी होते.

१९८५ मधील एका प्रसिद्ध प्रयोगात अहोरात्र कोकेन उपलब्ध असलेल्या उंदरांपैकी ९० टक्के उंदीर ३० दिवसांत दगावले. हेरॉईनच्या बाबतीत हे प्रमाण ३६ टक्के होते. हे आकडे धक्कादायक असले, तरी त्यांवरून व्यसन अटळ ठरत नाही, कारण या उंदरांपुढे पर्यायच फारसा नव्हता. अहमद व कूब या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले, की रोज एक तास कोकेन मिळणाऱ्या उंदरांचे सेवन स्थिर राहते, सहा तास मिळणाऱ्यांचे मात्र वाढत जाते. फ्रान्समधील बोर्दो येथील २००४ च्या अभ्यासात सुमारे तीन महिने कोकेन घेतल्यानंतरही केवळ १७ टक्के उंदरांत व्यसनाची तिन्ही लक्षणे दिसली : औषध मिळणार नसतानाही शोध सुरू ठेवणे, त्यासाठी अतोनात कष्ट घेणे आणि पायाला विजेचा झटका बसत असूनही न थांबणे. २००७ मध्ये सॅकरिनचे गोड पाणी व कोकेन यांतून निवड करू दिल्यावर तर ९४ टक्के उंदरांनी गोड पाणी पसंत केले.

उपचारांच्या दृष्टीने २००१ चा एक निष्कर्ष अधिक चिंताजनक आहे. कोकेन बंद केल्यावर त्याच्याशी निगडित खुणांमुळे (उदा. मात्रेसोबत लागणारा दिवा) जागी होणारी ओढ लगेच ओसरत नाही, उलट पहिल्या दोन महिन्यांत ती वाढत गेलेली आढळते.