बिट तेच, मग सीडी प्लेअर कशाला?

हायफायचं वेड असलेली चार माणसं भेटली की हा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. फोनवर लॉसलेस (मूळ माहितीतलं काहीही न गमावता साठवलेली) गाणी वाजतात, बोटभर लांबीचा डॅक (डिजिटल आकड्यांपासून आवाजाचा सिग्नल बनवणारं उपकरण) चांगल्यातल्या चांगल्या हेडफोनला पुरतो, सगळी लायब्ररी एका छोट्या हार्ड डिस्कवर मावते, मग फक्त सीडी वाजवणारा तो रुंद डबा अजून रॅकमध्ये कशाला? एक गट म्हणतो बिट (गाणं साठवणारे शून्य-एक) ते बिट, कशानेही वाचा, काय फरक पडतो. दुसरा म्हणतो एकदा माझ्याकडे येऊन ऐक, मग बोल. माझं मत आधीच सांगून टाकतो: आवाज सुधारेल म्हणून महागडा सीडी प्लेअर घेण्यात आज फारसा अर्थ नाही, पण तो निकामी झालाय असंही नाही, त्याचं खरं काम लोक समजतात त्या जागी नाहीये.

सीडीचा फॉरमॅट फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून १९८० साली पक्का केला आणि १ ऑक्टोबर १९८२ ला सोनीचा सीडीपी-१०१ जपानमध्ये विक्रीला आला. तेव्हा ठरलेले आकडे आजही तेच: सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (आवाजाच्या लहरीची मोजमापं), प्रत्येक सॅम्पल १६ बिटचं, दोन चॅनल. हा ४४,१०० आकडा जरा विचित्र वाटतो, पण त्याला कारण आहे, त्या काळी डिजिटल ऑडिओ व्हिडिओ टेपवर साठवायचे, त्यामुळे सेकंदाला ६० फील्ड (व्हिडिओच्या अर्ध्या चौकटी), प्रत्येकात कामाच्या २४५ ओळी आणि ओळीत ३ सॅम्पल असा हिशोब बसवला होता, गुणून बघा, बरोबर ४४,१०० येतात. एवढ्या सॅम्पलमध्ये २२,०५० हर्ट्झच्या खालचं सगळं पकडता येतं आणि माणसाच्या कानाची वरची मर्यादा २०,००० च्या आसपास, तीही तरुण कानाची, वय वाढलं की ती खालीच येते. १६ बिटमुळे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर ठेवता येतं. घरात ऐकायला हे भरपूर झालं.

आता प्लेअरच्या पोटात काय चालतं ते बघू, कारण मला विचाराल तर सगळ्यात भन्नाट भाग तोच आहे. सीडीत बारीक खड्ड्यांची एकच सलग रेघ असते, मधून सुरू होऊन गोल गोल फिरत कडेकडे जाणारी, उलगडली तर पाच किलोमीटरहून जास्त लांब. दोन वेढ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, खड्ड्याची रुंदी अर्धा मायक्रॉन, आणि लांबी ०.८ मायक्रॉनपासून तीनच्या थोडी वर. यावर ७८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड लेझर मारायचा आणि परत येणाऱ्या उजेडाच्या चढउतारावरून खड्डा कुठे सुरू झाला, कुठे संपला ते ओळखायचं. चकती आतल्या बाजूला मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि बाहेर जाता जाता २०० च्या आसपास येते, म्हणजे लेझरखालून रेघ सरकण्याचा वेग कायम राहतो. वर चकती कधीच पूर्ण सपाट नसते, फिरताना काही दशांश मिलिमीटर वरखाली होते, आणि फोकस मात्र एक-दोन मायक्रॉनच्या आत सांभाळायचा असतो. म्हणून लेन्स कॉइलवर तरंगती ठेवतात आणि सर्वो सर्किट तिला सतत वर-खाली, डावी-उजवीकडे ढकलत असतं. झाकण उघडं ठेवून चालणारा जुना प्लेअर कधी बघितलात तर ती लेन्स थरथरताना दिसते (डोळा मात्र लेझरच्या वर नेऊ नका, इन्फ्रारेड असल्यामुळे तो धड दिसत नाही आणि इजा करू शकतो).

एवढ्या बारीक खड्ड्यांवर एक धुळीचा कण बसला तरी गाणं अडखळायला हवं. नाही अडखळत. पहिलं कारण म्हणजे खड्डे पृष्ठभागावर नसतातच, १.२ मिलिमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेटच्या पलीकडे असतात, आणि लेझरचा ठिपका पृष्ठभागावर पाऊण मिलिमीटर वगैरे रुंद असतो, तो खाली जाऊन बारीक होतो, त्यामुळे वरची धूळ त्याला फोकसबाहेरच राहते. दुसरं कारण गणिताचं. इर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोघांनी १९६० साली मांडलेले कोड इथे वापरलेत. संगीताच्या दर २४ बाइटमागे ८ जादा बाइट लिहिलेले असतात आणि शिवाय सलग येणारे बाइट रेघेवर लांब लांब विखरून ठेवतात, म्हणजे एक ओरखडा आला तर एका क्षणाचं सगळं संगीत जात नाही, अनेक क्षणांचं थोडं थोडं जातं आणि ते हिशोबाने परत काढता येतं. सुमारे अडीच मिलिमीटर सलग रेघ वाचता आली नाही तरी मूळ आकडे जसेच्या तसे मिळतात, अंदाजाने नाही, अगदी तेच. त्यापलीकडे गेलं की मग प्लेअर आजूबाजूच्या सॅम्पलवरून मधलं सॅम्पल बेतून घालतो, आणि तेही जमलं नाही तर आवाज बंद करतो. म्हणूनच सीडी पुसताना मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही, कारण आडवा ओरखडा प्रत्येक वेढ्याला जरासाच कापतो आणि गोल ओरखडा एकाच वेढ्याचा लांबलचक तुकडा खाऊन टाकतो. आणि सगळे जपतात ती चकचकीत बाजू, पण जास्त नाजूक आहे ती छापील बाजू, तिथे लाखेच्या पातळ थराखाली लगेच अ‍ॅल्युमिनियम असतं, ते खरवडलं गेलं की कुठलाही कोड कामाला येत नाही.

यातून एक गोष्ट सरळ निघते की धड चकती आणि धड ड्राइव्ह असेल तर बाहेर पडणारे बिट तेच असतात. हे तपासताही येतं. अ‍ॅक्युरेटरिप नावाची सोय आहे, तुम्ही सीडी रिप केली (कॉम्प्युटरवर फाइल म्हणून उतरवली) की त्या फाइलचा चेकसम (सगळ्या बिटांवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जगभरातल्या अनोळखी लोकांनी त्याच सीडीच्या केलेल्या रिपशी ताडून बघितला जातो. कुणाचा जुना लॅपटॉप, कुणाचा ऑफिसातला कॉम्प्युटर, ड्राइव्ह सगळे वेगवेगळे आणि चेकसम एकच. त्यामुळे एखादा ट्रान्सपोर्ट (फक्त चकती वाचून बिट पुढे पाठवणारा डबा) 'जास्त डिटेल काढतो' असं कुणी म्हणालं की मला पटत नाही, डिटेल म्हणजे बिट आणि बिट मोजून झालेत. (एके काळी सीडीच्या कडेला हिरवं मार्कर फिरवायची टूम निघाली होती, उजेड शोषला जातो म्हणे. असो.)

मग जिटरचं काय, असं कुणीतरी विचारणारच. प्रश्न रास्त आहे, कारण बिट बरोबर असले तरी ते डॅकमध्ये नेमक्या वेळेला जायला हवेत, वेळ मागेपुढे झाली (यालाच जिटर म्हणतात) तर लहर वाकडी निघते. पण मोटरच्या वेगाचा याच्याशी संबंध जवळजवळ नसतो. गच्चीवरच्या टाकीत पंपाचं पाणी धक्क्याधक्क्याने पडतं तरी खालचा नळ एकसारखा चालतो, तसं चकतीवरून आलेला डेटा आधी बफरमध्ये साठतो आणि तिथून क्वार्ट्झ क्लॉकच्या तालावर बाहेर पडतो, बफर अर्धा भरलेला राहावा म्हणून मोटरच वेग कमीजास्त करत बसते. गंमत अशी की जिटरची खरी अडचण बऱ्याचदा ट्रान्सपोर्ट आणि डॅक असे डबे वेगळे केल्यावर येते. ट्रान्सपोर्टपासून डॅककडे जाणाऱ्या एसपीडिफ या डिजिटल ऑडिओच्या केबलमध्ये क्लॉक सिग्नलमध्येच मिसळलेला असतो आणि डॅकला तो त्यातून परत काढावा लागतो. एकाच डब्यात क्लॉक डॅकच्या शेजारी असतो, तिथे हा प्रश्नच नाही, आणि आजच्या असिंक्रोनस यूएसबी डॅकमध्येही नाही कारण तिथे डॅक स्वतःचा क्लॉक वापरतो आणि कॉम्प्युटरकडून हवा तसा डेटा मागून घेतो. केबलवाले चांगले डॅकसुद्धा आता हा जिटर ऐकू येण्याच्या खूप खाली नेऊन ठेवतात.

सुरुवातीच्या काळात मात्र प्लेअर-प्लेअरमध्ये फरक होता, हे मान्य करायला हवं. सीडीपी-१०१ मध्ये दोन्ही चॅनल मिळून एकच डॅक होता, तो आळीपाळीने वापरायचे, त्यामुळे एक चॅनल दुसऱ्यापेक्षा सुमारे ११ मायक्रोसेकंद मागे राहायचा. फिलिप्सकडे तर तेव्हा १४ बिटचाच डॅक तयार होता, म्हणून त्यांनी चारपट ओव्हरसॅम्पलिंग करून (मधली जादा सॅम्पल हिशोबाने घालून) त्यातून १६ बिटच्या तोडीचं काम काढलं, आणि हीच युक्ती पुढे सगळ्यांनी उचलली कारण त्यामुळे डॅकनंतरचा अ‍ॅनलॉग फिल्टर एकदम उभ्या कड्यासारखा करावा लागत नाही. फिलिप्सच्या टीडीए १५४१ या चिपवर आजही लोक जीव टाकतात, ती असलेले जुने प्लेअर शोधत फिरतात. त्या प्रेमाबद्दल माझी तक्रार नाही, पण आजचा साधा डॅकही मोजमापात तिच्या पुढे असतो.

आणि ऐकून ठरवायचं तर एक सापळा आहे. सीडी प्लेअरचं आउटपुट साधारण २ व्होल्टचं ठरलेलं असतं, फोनच्या जॅकमधून बऱ्याचदा त्याहून कमी येतं. एक डेसिबलचा फरक आपल्याला 'मोठा आवाज' म्हणून कळतच नाही, तो 'जास्त जिवंत', 'बास जरा भरीव' असा कळतो. म्हणून दोन्हीकडची लेव्हल मीटर लावून ०.१ डेसिबलपर्यंत जुळवली नाही तर त्या तुलनेला काही अर्थ नाही, आणि कुठला डबा वाजतोय हे ऐकणाऱ्याला माहीत नसलं पाहिजे. २००७ साली मेयर आणि मोरान यांनी अशीच एक चाचणी प्रसिद्ध केली, हाय-रेझोल्यूशन डिस्कचा आवाज एकदा तसाच आणि एकदा सीडीच्या १६ बिट ४४.१ मधून गाळून ऐकवायचा. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. पुढे २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी बऱ्याच चाचण्यांचे निकाल एकत्र करून बघितले तर बरोबर उत्तरं ५२.३ टक्के, म्हणजे अगदी शून्य फरक आहे असंही म्हणता येत नाही, पण असला तर केवढुसा ते दिसतंच. तिथे निदान फॉरमॅट तरी वेगळे होते, इथे तर दोन्हीकडे तीच सीडी.

इतकं सगळं प्लेअरच्या विरोधात बोलून झाल्यावर आता त्याची बाजू. खरा फरक पडतो तो मास्टरिंगमध्ये, म्हणजे गाणं बाजारात येण्याआधी त्याचा आवाज शेवटचा जुळवतात तिथे. १९९० च्या दशकापासून गाणी जोरात वाजावीत म्हणून सगळं दाबून दाबून वर चढवायची शर्यत लागली, आणि जुन्या अल्बमच्या रिमास्टरमध्येही तेच झालं. स्ट्रीमिंगवर तुम्हाला कुठली आवृत्ती मिळेल हे तुमच्या हातात नाही, बऱ्याचदा नवीच मिळते आणि जुनी गुपचूप गायब होते. १९८५ ची सीडी मात्र १९८५ चीच राहते, ढोल वाजला की अजूनही दचकवते. हे सगळं रिप करूनही टिकतं हे खरं, पण चकती हातात असायला लागते आणि ती वाचणारं काहीतरी लागतं. लॅपटॉपमधून तर ड्राइव्ह कधीच गेले.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, प्री-एम्फसिस. सुरुवातीच्या काही सीडींमध्ये रेकॉर्ड करतानाच वरच्या फ्रिक्वेन्सी चढवून ठेवायचे, २० किलोहर्ट्झच्या आसपास जवळजवळ १० डेसिबलपर्यंत, आणि वाजवताना तेवढ्याच उतरवायच्या, म्हणजे त्याबरोबर डॅकची खरखरही उतरते. यासाठी गाण्याबरोबर एक खूण लिहिलेली असते, सीडी प्लेअर ती बघतो आणि फिल्टर आपोआप चालू करतो, तुम्हाला कळतही नाही. रिप करताना काय होतं, बिट अगदी बरोबर येतात, चेकसम जुळतो, आणि खूण मागे राहते. फाइल वाजवली की झांजा कानात टोचतात आणि माणूस म्हणतो सुरुवातीच्या काळातलं डिजिटल असंच कर्कश होतं. काही सीडींमध्ये ती खूण सुरुवातीच्या अनुक्रमणिकेत नसते, फक्त गाण्याच्या सोबतच्या सबकोडमध्ये असते, त्या तर रिपिंगच्या चांगल्या चांगल्या प्रोग्रॅमच्याही नजरेतून सुटतात. म्हणजे बिट तेच असूनही आवाज वेगळा, आणि इथे बरोबर ठरतो तो साधासुधा सीडी प्लेअर. (आजकालचे काही वेगळे डॅक ही खूण बघतच नाहीत, तेव्हा ट्रान्सपोर्ट अधिक डॅक असा संसार असेल तर तपासून घ्या.)

एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) जमवणाऱ्यांना तर पर्यायच नाही. १९९९ मध्ये आलेल्या या फॉरमॅटचा वरच्या दर्जाचा थर कॉम्प्युटरच्या साध्या ड्राइव्हला वाचता येत नाही, त्याला प्लेअरच लागतो.

आता राहिला प्रश्न टिकण्याचा, आणि मला काळजी वाटते ती याचीच. डॅक चिपला काही होत नाही, मरतं ते मेकॅनिझम. ट्रेचा रबरी बेल्ट सैल पडतो, मग ट्रे अर्धा बाहेर येऊन थांबतो किंवा बटण दाबलं की नुसता घूं आवाज येतो, हे दुखणं किरकोळ, बेल्ट बदलला की संपलं. रुळावरचं ग्रीस सुकून घट्ट होतं, ते पुसून नवीन लावायचं. लेझर मंदावला की मात्र गोष्ट वेगळी, कारण जुन्या नावाजलेल्या पिकअपचं (लेझर आणि लेन्स असलेल्या भागाचं) उत्पादन थांबलंय आणि बाजारात नक्कल केलेले पिकअप बरेच फिरतात, त्यातले काही बरे चालतात, काही नाही. म्हणून प्लेअर घेताना मी डॅक कुठला आहे हे शेवटी बघतो, आधी बघतो की पिकअप कुठला आणि तो अजून मिळतो का. जुना घेत असाल तर ७० मिनिटांच्या वरची एखादी सीडी बरोबर न्या आणि पहिलं गाणं ऐकून खूश होऊ नका, थेट शेवटचं लावा. सीडी आतून बाहेर वाचली जाते, शेवटचं गाणं कडेला असतं आणि चकतीचं वाकणं, डुलणं सगळ्यात जास्त तिथेच असतं. थकलेला लेझर पहिल्या गाण्याला व्यवस्थित वाजेल आणि शेवटच्याला उडायला लागेल. तिथून उलटं पहिल्या गाण्यावर उडी मारायला लावा आणि किती वेळ चाचपडतोय ते बघा.