ओढ्यात सांडपाणी कुणाचे?

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशाच्या पाठबळावर पर्यावरण हा विषय पदवीच्या सर्व शाखांना सक्तीचा झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मूळ आराखड्यात ५० तासिका होत्या आणि १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्याला. हे २५ गुण चित्रे चिकटवण्यात घालवू नयेत. कॉलेजजवळचा ओढा गाठावा.

तिथे रसायनशास्त्राचे विद्यार्थी बीओडी काढतात, म्हणजे सेंद्रिय घाण कुजताना किती ऑक्सिजन खर्च होतो ते. समाजशास्त्राचे विद्यार्थी घरे मोजतात. पण लिटरमागे मिलिग्रॅम आणि माणसे यांचा मेळ बसायचा कसा? त्यासाठी प्रवाह मोजावा लागतो, आणि नेमका तोच राहून जातो.

ओढ्याचा सरळ १० मीटर भाग निवडून संत्रे सोडा. ते जवळजवळ बुडून तरंगते. थर्मोकोल वाऱ्याने ढकलला जातो. संत्र्याला २० सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.५ मीटर. तळाशी पाणी संथ असते, म्हणून ०.८५ ने गुणा. रुंदी २ मीटर, सरासरी खोली ०.३ मीटर असेल तर प्रवाह सेकंदाला २५५ लिटर. बीओडी लिटरमागे ३० मिलिग्रॅम आला, तर दिवसाला सुमारे ६६० किलो भार. माणशी रोज ४० ग्रॅम धरले, तर ही साडेसोळा हजार माणसांची घाण झाली.

चुका बहुतेक बीओडीत होतात. आपल्याकडे नमुना २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस ठेवतात, तोही अंधारात. उजेडात शेवाळ ऑक्सिजन तयार करते. त्या तापमानाला पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. त्यामुळे घाण पाणी विरळ न करता ठेवले, तर सगळा ऑक्सिजन संपतो आणि खरा आकडा हाती लागत नाही. बाटलीत बुडबुडा राहिला तरी मोजमाप बिघडते. शिवाय सकाळी अंघोळी-धुण्यांच्या वेळी प्रवाह फुगतो. त्या एका नमुन्यावरून दिवसाचा हिशेब केला, तर तो अवाच्या सवा येतो. दिवसातून निदान चार वेळा नमुना घ्यावा आणि दर वेळी प्रवाहही मोजावा.

आता घरांची मोजणी समोर ठेवा. वरच्या वस्तीत नऊ हजारच माणसे भरली, तर उरलेला भार आला कुठून? गोठे, खानावळी, मंगल कार्यालये कुठे आहेत हे भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी नकाशावर मांडावे, आणि वाणिज्य शाखेच्या मुलांनी तिथे रोज किती दूध निघते, किती पाने उठतात ते विचारत काठाने वर चालत जावे.