तबकडीचा काठ कोणी घासायचा?

घरच्या घरी ध्वनिमुद्रिका कोरणाऱ्या माणसाचे सगळे लक्ष सुईच्या कोनावर, तिच्या उष्णतेवर आणि खाचेच्या खोलीवर असते. काठाकडे ते बहुधा पहिल्या दोन-चार तबकड्या वाया गेल्यावर वळते. या दुर्लक्षाचे मूळ इतिहासात आहे. घरगुती मुद्रणाच्या भरभराटीच्या काळात कोरी तबकडी दुकानातून तयार येत असे, आणि तिचा काठ नीट करणे हे कारखान्याचे काम होते. ते काम घरातल्या टेबलावर येऊन पडले ते फार उशिरा.

एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये ग्रामोफोनचे पेटंट घेतले, त्यानंतर लवकरच मुद्रण आणि उत्पादन ही दोन कामे वेगळी झाली. ध्वनी मेणाच्या जाड तबकडीवर कोरला जाई, तिच्यावरून धातूचा साचा तयार होई आणि ग्राहकाच्या हाती येई ती त्या साच्यात दाबलेली प्रत. दाबताना कडेने बाहेर सुटलेले जास्तीचे द्रव्य नंतर कापून टाकत. लाखेच्या तबकड्यांच्या कडा घासल्या जात आणि व्हिनाइलची कड आजही तबकडी फिरती ठेवून पात्याने छाटतात. म्हणजे कारखान्यात आधी खाच आणि मग काठ. थेट कोरलेल्या तबकडीत हा क्रम उलटा होतो: काठ आधी तयार व्हावा लागतो, कारण कोरून झालेल्या पृष्ठभागाजवळ कानस किंवा पॉलिश पेपर नेला की त्याची पूड खाचांत बसते. घरगुती कामातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी या उलट्या क्रमातून आल्या आहेत.

१९३० मध्ये आरसीए व्हिक्टरने मुद्रणाची सोय असलेले रेडिओ-ग्रामोफोन बाजारात आणले. त्यांच्यासाठीच्या प्लास्टिकच्या तबकड्यांवर खाच आधीच पाडलेली असे, त्यामुळे ग्राहकाला ना खाचेची चिंता होती, ना काठाची. त्याच सुमारास उघड्या ॲल्युमिनियमच्या तबकड्याही वापरात होत्या. मौखिक काव्याचे अमेरिकी अभ्यासक मिल्मन पॅरी यांनी युगोस्लाव्हियातील वीरगाथा १९३४-३५ मध्ये अशाच तबकड्यांवर उतरवल्या. त्यांत धातू कापला जात नसे, दाबून बाजूला सारला जाई, म्हणून कीस निघत नसे. मात्र पत्र्यातून ठशाने चकती कापली की तिच्या एका बाजूला बर, म्हणजे कापताना वर उठलेली धारदार कड, येतेच, आणि ती काढल्याशिवाय तबकडी थाळीवर सपाट बसत नाही.

खरा बदल १९३४ च्या सुमारास झाला. फ्रान्समध्ये पिराल आणि अमेरिकेत प्रेस्टो या कंपन्यांनी ॲल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा, म्हणजे रोगणासारख्या लेपाचा, थर दिलेल्या तबकड्या आणल्या. इंग्लंडमध्ये सेसिल वॉट्स यांचे कामही त्याच दिशेने चालले होते. लोक या तबकड्यांना ‘ॲसिटेट’ म्हणू लागले, जरी त्यांच्या थरात सहसा ॲसिटेट नसे. लॅकर ओले असताना पृष्ठताणामुळे कडेला जमून राहते आणि वाळल्यावर तिथे एक बारीक कंगोरा उरतो. पृष्ठभाग कितीही आरशासारखा दिसला, तरी कडेचा तो पट्टा कोरण्याच्या कामाचा नसतो. व्यावसायिक स्टुडिओंनी यावर सरळ उपाय केला: बारा इंची तबकडीसाठी चौदा इंची लॅकर तबकडी, दहा इंचीसाठी बारा इंची आणि सात इंचीसाठी दहा इंची. बारा इंची तबकडीचा प्रत्यक्ष व्यास सुमारे ३०१ मिमी आणि चौदा इंची लॅकरचा ३५६ मिमी, म्हणजे सभोवार सुमारे साडेसत्तावीस मिमीचा पट्टा शिल्लक राहतो. कंगोरा त्यातच जातो, शिवाय पुढे धातूचा मुलामा देताना लॅकर धरायलाही तो उपयोगी पडतो. घरगुती तबकडीला मात्र ही चैन नव्हती. ती कापली तेवढीच वाजवली जाई, आणि कंगोऱ्यापासून आत सरकून सुई टेकवण्याचे भान माणसाला स्वतःच ठेवावे लागे. अनेक जण आतून बाहेर कोरत, कारण निघणाऱ्या किसाचा धागा स्वभावतःच मध्याकडे ओढला जातो आणि आतून सुरुवात केली की तो सुईच्या वाटेत येत नाही. (हा कीस भयंकर ज्वालाग्राही असतो, धूम्रपान करत त्याच्याजवळ बसणाऱ्यांच्या धाडसाचे नवल वाटते.) अशा मुद्रणात काठाशी गाठ शेवटी पडे.

महायुद्धात ॲल्युमिनियम दुर्मिळ झाले आणि लॅकरखाली काच, पोलाद, तर स्वस्त घरगुती तबकड्यांत पुठ्ठा आला. काचेच्या तबकड्या फुटत, पुठ्ठ्याच्या वाकत. लॅकरला लवचिक ठेवणारे एरंडेल काळाच्या ओघात बाहेर पडले की थर आकसतो, तडकतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो. काठ हा थराचा मोकळा शेवट असल्याने, तिथे ओरखडा किंवा टवका असेल तर सुटण्याला आयती सुरुवात मिळते. म्हणून जुनी लॅकर तबकडी हळुवार हाताळावी.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस चुंबकीय फीत आली आणि घरगुती तबकडीचा बाजार विरत गेला. त्याच काळात सोव्हिएत संघात लोक बंदी असलेले संगीत वापरलेल्या एक्स-रे फिल्मवर कोरत होते. फिल्म कात्रीने गोल कापायची आणि मधले छिद्र जळत्या सिगारेटने पाडायचे, असे त्या तबकड्यांचे वर्णन नेहमी केले जाते. माझ्या मते घरी काठ करण्याच्या इतिहासाची सुरुवात इथून धरायला हवी, कारण इथे पहिल्यांदा तबकडीचा आकारही कोरणाऱ्यानेच दिला.

पुढे न्यूझीलंडमधील पीटर किंग यांनी पॉलिकार्बोनेटवर एकेक करून कोरलेल्या लहान आवृत्त्या स्वतंत्र संगीतकारांमध्ये माहीत झाल्या आणि साध्या प्लास्टिकच्या पत्र्यातून तबकडी कापण्याची वाट रुळली. ६ फेब्रुवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियातील बॅनिंग येथील अपोलो मास्टर्स हा लॅकर तबकड्यांचा कारखाना जळाला, तेव्हा मोठा उत्पादक म्हणून जपानची एमडीसी तेवढी उरली. घरी कोरणारे बहुतेक जण त्याआधीच प्लास्टिककडे वळले होते.

प्लास्टिकचा काठ कसा करायचा हे प्लास्टिकच ठरवते. ॲक्रिलिक लेसरने स्वच्छ कापले जाते, पण वितळलेल्या कडेला सूक्ष्म उंचवटा राहतो. कडेवर ज्योत फिरवून चमक आणता येते, मात्र त्यातून आत ताण उरतो आणि पुढे अल्कोहोलने पुसल्यावर बारीक तडे दिसू लागतात. पॉलिकार्बोनेट लेसरखाली पिवळे पडते, काजळते. पीव्हीसीला लेसर लावूच नये, कारण त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू सुटतो. म्हणून या दोहोंसाठी राउटर (फिरत्या पात्याने कापणारे यंत्र) किंवा गोल कापण्याचे कटर, मग पात्याची सरळ पाठ काटकोनात धरून कडेवरून ओढणे आणि शेवटी ४०० पासून चढत्या क्रमांकाचा पॉलिश पेपर पाण्यासह वापरणे, हीच पद्धत टिकली आहे. कोरड्या घासण्याने प्लास्टिकवर स्थिर विद्युत चढते आणि पूड तिथेच चिकटते. त्या पुडीतला अपघर्षकाचा एक कण हिऱ्याच्या सुईचे टोक उडवायला पुरेसा होतो.

काठावर राहिलेली बर दोन ठिकाणी नडते. ती खालच्या बाजूला असेल तर निर्वाताने धरणाऱ्या थाळीवर हवा गळते आणि तबकडी कोरताना हलते. वरच्या बाजूला असेल तर सुईची खोली राखणारा आधार तिच्यावर चढतो आणि सुरुवातीच्या खाचा उथळ पडतात. बारा इंची तबकडीवर ध्वनीची पहिली खाच सुमारे १४६ मिमी त्रिज्येवर असते, म्हणजे काठापासून जेमतेम साडेचार मिमी आत. काठ किंचित लंबगोल झाला तर आवाजात फरक पडत नाही, कारण खाच मधल्या सुमारे ७.२ मिमीच्या छिद्राभोवती फिरते. फक्त बाहेरचा मोकळा पट्टा एका बाजूला निमुळता दिसतो. म्हणून अनुभवी माणसे आधी छिद्र पाडतात, त्याच छिद्रावर चकती फिरवून काठ उतरवतात आणि पत्र्यावरची संरक्षक फिल्म काठ धुऊन वाळल्यावर, थेट कोरण्याच्या वेळी सोलतात.