हातापायांची गर्भातील घडण व जन्मजात व्यंगे

गर्भधारणेनंतरचा चौथा आठवडा संपत येतो तेव्हा भ्रूणाची लांबी जेमतेम चार मिलिमीटर असते. त्याच सुमारास, 26व्या-27व्या दिवशी, मानेखाली दोन्ही बाजूंना दोन बारीक उंचवटे वर येतात. हे हातांचे अंकुर. पायांचे अंकुर एक-दोन दिवस मागाहून कमरेच्या पातळीला दिसतात. तेथून 56व्या दिवसापर्यंत, म्हणजे साधारण महिनाभरात, खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंतचा सगळा आराखडा तयार होतो. पुढचे महिने मुख्यतः वाढीचे असतात. (डॉक्टर शेवटच्या पाळीपासून दिवस मोजतात, त्या हिशेबात दोन आठवडे वाढवावे लागतात.)

अंकुरात आत मध्यस्तराच्या, म्हणजे भ्रूणाच्या मधल्या थराच्या, पेशी असतात आणि वर बाह्यस्तराचे, म्हणजे बाहेरच्या थराचे, पातळ आवरण. हाडे या मध्यस्तरातूनच होतात. स्नायूंच्या पेशी मात्र कण्यालगतच्या पेशीगठ्ठ्यांतून, म्हणजे कायखंडांतून, सरकत येथवर येतात. अंकुराच्या टोकाशी आवरणाची एक जाडसर कड असते. 1948 साली जॉन सॉन्डर्स या अमेरिकी संशोधकाने अंड्यातल्या कोंबडीच्या भ्रूणात पंखाच्या अंकुरावरची ही कड काढून टाकली. पंख तेथेच खुंटला. कड लवकर काढली तर खांद्याजवळचाच भाग होई. उशिरा काढली तर फक्त टोकाचा भाग होत नसे. अवयव खांद्याकडून बोटांकडे क्रमाने घडतो, हे यावरून दिसले. पुढे आणखी एक गोष्ट कळली. अंकुराच्या करंगळीकडच्या पेशी काढून विरुद्ध बाजूला लावल्या, तर बोटांचा दुसरा संच उगवतो, आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटा. या पेशी ज्या प्रथिनातून इशारा देतात, ते ‘सॉनिक हेजहॉग’ 1993 साली हाती लागले. त्याच्या जनुकाचा एक नियंत्रक तुकडा जनुकापासून डीएनएची सुमारे दहा लाख अक्षरे दूर आहे. त्यात एका अक्षराचा फरक पडला तरी अंगठ्याशेजारी सहावे बोट येऊ शकते.

बोटे फांद्यांसारखी फुटतात असे वाटते, पण तसे नाही. सहाव्या आठवड्यात हात वल्ह्याच्या पात्यासारखा सपाट असतो. त्यात बोटांच्या रेषा उमटतात आणि मग रेषांमधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात. मूर्तिकार दगड काढून टाकतो तसेच हे काम. बदकाच्या पायात ही पेशीमृत्यूची क्रिया रोखली जाते, म्हणून त्याला पडदा राहतो. माणसात ती अपुरी झाली तर बोटे जुळलेली राहतात, बहुतेकदा मधले बोट आणि अनामिका.

सांगाड्याचा पहिला साचा कूर्चेचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ व लवचीक ऊतीचा, असतो. त्यात आठव्या आठवड्यापासून हाड भरू लागते. जत्रुकाचे (गळ्याखालचे आडवे) हाड मात्र त्याआधीच, सर्वांत प्रथम सुरू होते आणि त्याची सुरुवात कूर्चेशिवाय होते. नवजात बाळाच्या मनगटाचा एक्स-रे पाहिला तर तळहात आणि बाहू यांच्यामध्ये नुसती मोकळी जागा दिसते. मनगटाची हाडे अजून कूर्चाच असतात, म्हणून ती फिल्मवर उमटत नाहीत.

या महिन्यात बाहेरून घाला पडला तर काय होते, हे थॅलिडोमाइडने दाखवले. 1957 साली पश्चिम जर्मनीत हे झोपेचे औषध बाजारात आले. गरोदरपणातल्या मळमळीवरही ते दिले जाई. अनेक देशांत मिळून दहा हजारांहून अधिक मुले व्यंग घेऊन जन्मली. कित्येकांचे हात इतके खुंटलेले होते की पंजा जणू खांद्यालाच जोडलेला. जर्मनीत विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड या डॉक्टरांनी 1961 साली धोका ओळखला. गर्भधारणेनंतरचे साधारण 20 ते 36 हे दिवस सर्वांत नाजूक होते. दिवस गेल्याची कित्येकींना तोवर पुरती खात्रीही झालेली नसते. हेच औषध आज कुष्ठरोगातील प्रतिक्रियेवर व मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावर कडक नियमांखाली वापरले जाते.

इतर व्यंगांमागे बरेचदा जनुकीय बदल असतो. अकॉन्ड्रोप्लेझिया या खुजेपणात एफजीएफआर-3 जनुकात दोष असतो, आणि अशी बहुसंख्य मुले सरासरी उंचीच्या आईबापांना होतात. अनेक व्यंगांचे कारण सापडत नाही. आपल्याकडे ही रिकामी जागा ग्रहणाने भरली जाते: ‘ग्रहणात चिरलं असेल, दुमडलं असेल’ असे बाळंतिणीला सुनावले जाते. पण पाचव्या-सहाव्या महिन्यात ग्रहण पाळणाऱ्या बाईच्या पोटातील बाळाची बोटे केव्हाच सुटी झालेली असतात. जुळलेल्या बोटांचा दोष तिच्या विळीवर टाकणे हा उघड अन्याय आहे.

पायाचे सर्वांत परिचित व्यंग म्हणजे आत वळलेले पाऊल, क्लबफूट. ते हजारात सुमारे एका बाळाला असते. येथे हाडे असतात, पण पाऊल आत व खाली वळलेले असते. अस्थिरोगतज्ज्ञ इग्नासिओ पोन्सेटी यांच्या पद्धतीत दर आठवड्याला पाऊल हाताने हळूहळू सरळ करून प्लास्टर घालतात, आणि बहुतेक बाळांच्या टाचेमागची शीर (स्नायू हाडाला जोडणारी कंडरा) लहानसा छेद देऊन सैल करतात. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाची तपासणी व उपचार समाविष्ट आहेत. प्लास्टर निघाल्यावर दांडीने जोडलेले बूट येतात. पहिले तीन महिने ते जवळजवळ दिवसभर आणि नंतर झोपेत, मूल चार वर्षांचे होईपर्यंत घालावे लागतात. बूट मध्येच सोडले तर पाऊल पुन्हा आत वळू शकते.