काळी माती, आखूड धाग्याचा कापूस आणि उठवलेली माणसे

अमेरिकेतील अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांमधून काळ्या मातीचा एक पट्टा चंद्रकोरीसारखा वळत गेला आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी, क्रिटेशस या भूशास्त्रीय काळाच्या उत्तरार्धात तेथे उथळ समुद्र होता. त्यातील सूक्ष्मजीवांच्या चुनकट कवचांचे थर साचून खडूचा खडक तयार झाला आणि तो झिजून वर काळसर, चिकण, सुपीक माती आली. विदर्भ-मराठवाड्यातील काळी जमीन बेसॉल्टपासून बनली आणि ही खडूपासून. पण ओल धरून ठेवणे, सुकल्यावर भेगाळणे आणि कापसाला मानवणे हे गुण दोन्हींत सारखेच आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या पट्ट्यात आणि त्याच्या आसपास चोक्टॉ, चिकसॉ आणि क्रीक या मूलनिवासी लोकांची गावे, मक्याची शेते आणि शिकारीची राने होती.

अमेरिकेतील पहिल्या गिरणी कामगारांचा इतिहास आणि या लोकांच्या हकालपट्टीचा इतिहास सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत सांगितला जातो. ही विभागणी मला चुकीची वाटते, कारण दोन्हींना जोडणारा धागा अक्षरशः कापसाचाच आहे.

समुद्रकिनाऱ्यापासून दूरच्या जमिनीत आखूड धाग्याचा कापूस चांगला येई, पण त्याची केसाळ सरकी रुईला इतकी घट्ट चिकटलेली असे की हाताने दिवसभरात जेमतेम एक पौंड रुई मोकळी होत असे. एली व्हिटनीने 1794 मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात तारांचे दात रुई अरुंद फटींतून ओढून घेत आणि फटीत न मावणारी सरकी अलीकडेच राही. हाताने फिरवायच्या लहान यंत्रावरही दिवसाला सुमारे 50 पौंड रुई निघू लागली. आता अडचण उरली ती जमिनीची.

ती 28 मे 1830 च्या कायद्याने सोडवली गेली. मूलनिवासींना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस हलवण्याचा अधिकार या कायद्याने राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना दिला. प्रतिनिधिगृहात तो 102 विरुद्ध 97 मतांनी संमत झाला, म्हणजे विरोध क्षीण नव्हता. उत्तरेकडील अनेक स्त्रियांनी त्याविरुद्ध सह्यांचे अर्ज पाठवले होते. त्याच वर्षी चोक्टॉंशी झालेल्या करारात, ज्यांना मागे राहायचे असेल त्या कुटुंबप्रमुखांना 640 एकर जमीन मिळेल, असे कलम होते. प्रत्यक्षात सरकारी एजंटाने बहुतेकांची नोंदच करून घेतली नाही आणि हजारो लोकांना 1831 च्या कडाक्याच्या हिवाळ्यापासून पुढे घरदार सोडून पश्चिमेकडे जावे लागले. क्रीक कुटुंबांना 1832 च्या करारानुसार प्रत्येकी 320 एकर जमीन मिळायची होती. ती सट्टेबाजांनी खोट्या सह्या आणि बनावट व्यवहार करून लाटली. 1838 मध्ये चेरोकी या आणखी एका मूलनिवासी समाजाला सैन्याने छावण्यांत कोंडून नंतर हाकलले. सुमारे 16,000 लोकांपैकी जवळपास 4,000 दगावले, असा अंदाज सर्वत्र दिला जातो.

रिकाम्या केलेल्या जमिनीवर राबायला व्हर्जिनिया, मेरीलँडसारख्या राज्यांतून कृष्णवर्णीय गुलाम विकून आणले गेले. 1861 मध्ये सुरू झालेल्या अमेरिकी गृहयुद्धापूर्वीच्या सात दशकांत असे सुमारे दहा लाख लोक दक्षिणेच्या अंतर्भागात नेले गेले. 1860 पर्यंत कापसाचे वार्षिक उत्पादन 40 लाख गासड्यांच्या घरात पोहोचले होते.

यातील बराचसा कापूस इंग्लंडला जाई आणि काही मॅसॅच्युसेट्समधील लोवेलसारख्या गिरणगावांत येई. लोवेल वसले ते मेरिमॅक नदीच्या पॉटकेट धबधब्यापाशी. पेनाकुक हे मूलनिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या तेथे मासेमारीसाठी जमत आणि सतराव्या शतकात इंग्रज वसाहतवाल्यांशी झालेल्या युद्धानंतर तेथून हुसकले गेले होते. 1820 च्या दशकात त्याच पाण्यावर मोठमोठ्या गिरण्या फिरू लागल्या. कालवे आयरिश मजुरांनी खणले आणि मागांवर मुख्यतः शेतकरी घरांतल्या तरुण मुली उभ्या राहिल्या.

तेथील हवेचे गणितही कापसानेच ठरवले. कापसाचा तंतू ओल शोषून अधिक मजबूत होतो, तर कोरड्या हवेत सूत वारंवार तुटते. म्हणून खिडक्या बंद ठेवून हवेत वाफ सोडली जाई. आठवड्याला सत्तरहून अधिक तास या दमट हवेत उडणारी रुईची तूस मुलींच्या श्वासावाटे फुप्फुसांत जाई. अनेक ठिकाणी मागावर आडवे सूत नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून सूत ओवण्यासाठी त्याला तोंड लावून ते ओढून घ्यावे लागे आणि एकच धोटा अनेकींच्या तोंडी जात असल्याने आजार पसरण्याची भीती असे. 1834 मध्ये मजुरीत कपात जाहीर होताच सुमारे 800 जणी काम सोडून रस्त्यावर आल्या. दोन वर्षांनी वसतिगृहाचे शुल्क वाढल्यावर त्याहून मोठा संप झाला. पुढे लोवेलमधील गिरणी कामगार सारा बॅगली यांच्या पुढाकाराने संघटना उभी राहिली आणि दहा तासांच्या दिवसासाठी हजारो सह्यांचे अर्ज विधिमंडळात गेले. मात्र मॅसॅच्युसेट्समध्ये स्त्रियांसाठी दहा तासांची मर्यादा कायद्याने 1874 मध्येच आली.

न्यू इंग्लंडमधील, म्हणजे मॅसॅच्युसेट्ससह ईशान्येकडील राज्यांमधील, काही गिरण्या जाडेभरडे स्वस्त कापड खास दक्षिणेकडील मळ्यांसाठी विणत. ज्या गुलामांनी कापूस वेचला, त्यांच्याच अंगावर घालण्यासाठी मळेवाले ते विकत घेत.