फांदीवरचे गोल कुसू: दगडी हत्यारापासून ड्रिलच्या कटरपर्यंत

चिरलेल्या लाकडाला कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या खोबणीत बसणारे टोकाचे बारीक केलेले अंग, काढायचे तर गुण्या (काटकोन पाहायचे हत्यार) आणि खतावणी (कडेला समांतर रेष आखायचे हत्यार) टेकवायला सपाट बाजू असते. फांदीला किंवा ओंडक्याला ती नसते. दोन टोकांचे मध्य एका रेषेत येतीलच असे नाही, आणि साल काढली की व्यासही बदलतो. म्हणून इथे कुसवाच्या जाडीपेक्षा त्याची दिशा साधणे जास्त अवघड. या कामाची हत्यारे बदलत गेली ती मुख्यतः यासाठीच.

सर्वांत जुना उपाय म्हणजे गोलाई काढूनच टाकणे. जर्मनीत लायप्झिगजवळ आल्टशेर्बिट्झ येथे सापडलेल्या, इसवी सनापूर्वी सुमारे 5100 च्या विहिरीत ओकचे ओंडके फाडून फळ्या केल्या होत्या. तळाच्या चौकटीत कुसू खोबणीतून आरपार काढून बाहेरून पाचर मारली होती. लोखंड नसताना, दगडी हत्यारांनी केलेले हे काम आहे.

दुसरा उपाय चरकाचा, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून पात्याने गोल तासण्याच्या यंत्राचा (लेथ). इंग्लंडच्या चिल्टर्न टेकड्यांत खुर्च्यांचे पाय ओल्या बीच लाकडाचे कातत. दोन टोकांच्या मध्यांवर लाकूड फिरले की कुसू आपोआप त्याच अक्षावर येते. मात्र ओले कुसू वाळताना दोन दिशांना वेगवेगळे आकसते. ओकसारख्या लाकडात वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने साधारण 8 टक्के, तर गाभ्याकडून सालीकडे 4 टक्के. म्हणजे 25 मिलिमीटरचे कुसू एका बाजूने 2 आणि दुसऱ्या बाजूने 1 मिलिमीटर कमी होते, लंबगोल होते आणि खुर्ची डगमगते. म्हणून कुसू आधी पूर्ण वाळवून, नंतर मापात आणून, किंचित ओलसर खोबणीत ठोकायचे. खोबण वाळताना त्याला आवळते. हा क्रम उलटा केला तर कोणताही गोंद सांधा वाचवत नाही.

वाकडी फांदी चरकावर नीट फिरत नाही. गाडीच्या चाकाची अडचण आणखी वेगळी. आपल्या बैलगाडीच्या चाकासारखेच पाश्चात्त्य गाड्यांच्या चाकातही आरे आधी तुंब्यात (चाकाच्या मधल्या ठोकळ्यात) ठोकतात, आणि पाट्यात (चाकाच्या बाहेरच्या लाकडी कड्यात) जाणारे कुसू त्यानंतर काढतात. त्या वेळी लाकूड चरकाकडे नेता येत नाही, हत्यारच लाकडाकडे न्यावे लागते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी चाककारांनी यासाठी पोकळ गिरमीट वापरले. हातब्रेसला (हाताने फिरवायच्या वाकड्या दांड्याला) लावायचे, मधे भोक, भोकाच्या तोंडाशी पाती. त्याआधी आऱ्याचे टोक शंकूसारखे निमुळते करायचे. ही पायरी टाळली तर गिरमीट मध्य पकडत नाही, कुसू तिरके उतरते आणि पाटा बसत नाही.

आजचे ड्रिलवरचे कटर त्याच कल्पनेवर, पेन्सिल टोकदार करण्याच्या यंत्रासारखे चालते. काही कटरना वक्र पाते असते, त्यामुळे खांदा (कुसू सुरू होते तिथली पायरी) गोलसर येतो आणि खोबणीच्या काठावर टेकतो. काही कटरच्या अंगातच पाणसळीचा बुडबुडा असतो. फांदी शिकंज्यात आडवी पक्की करावी, टोक काटकोनात कापावे, साल काढावी, निमुळते करावे आणि ड्रिल कमी वेगात चालवावे. ड्रिल डावीकडे-उजवीकडे सरळ आहे का, हे दुसऱ्या माणसाने वरून पाहावे, कारण बुडबुडा फक्त वर-खाली सांगतो. गाठ आली तर पाते अडते आणि ड्रिल मनगटाला झटका देते. म्हणून गाठीचे टोक आधीच कापून टाकावे.

कटरच्या तोंडात न मावणाऱ्या ओंडक्याला होल-सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची नळीसारखी गोल करवत, चालते. तिच्यावरचे माप बाहेरचे असते: 50 मिलिमीटरच्या होल-सॉने येणारे कुसू काही मिलिमीटर बारीकच उतरते. आधी भंगार लाकडावर एक कापून पाहावे आणि खोबणीचे भोक त्या मापाने पाडावे. होल-सॉच्या मधले बारीक ड्रिल ठेवले तर कुसवाच्या गाभ्यात भोक पडते, काढले तर सुरुवातीला होल-सॉ घसरते, म्हणून भोक पाडलेली फळी टोकावर ठोकून तिच्यातून ती चालवावी. मग भोवती करवतीने खांदा कापून कचरा पटाशीने उडवावा. करवत होल-सॉच्या खाचेला पोहोचताच थांबवायची. ती पुढे गेली तर कुसवाच्या मुळाशी चर पडते, आणि वजन आले की कुसू नेमके तिथेच मोडते.